उडता पक्षी आणि निसटणारा फोकस: कॅमेऱ्याला तीन सेकंद द्या

पक्षी-फोटोग्राफीवरच्या आपल्या गप्पांचा हा पुढचा भाग. नेहमीप्रमाणे ऐकणाऱ्यांसाठी तो लिहूनही काढलाय. आज आकडे थोडे जास्त आहेत आणि बसमध्ये कानात इअरफोन घालून आकडे ऐकले की ते दुसऱ्या कानाने बाहेर जातात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे ऐकलं असेल तर इथे नुसती नजर टाका. ऐकलं नसेल तर निवांत वाचा.

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो छान येतो, पिसांचा एकेक धागा दिसतो. तोच पक्षी उडाला की चाळीस फोटोंपैकी दोन कसेबसे बरे निघतात, आणि त्या दोनमध्येही डोळ्याऐवजी शेपटी शार्प असते. मग पहिला प्रश्न असतो, "कुठली लेन्स घेऊ?"

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. लेन्स घ्या, पण नंतर. आधी ऑटोफोकस नक्की काय करतो ते समजून घ्या. उडत्या पक्ष्याच्या बाबतीत ऑटोफोकस पक्षी 'बघत' नसतो, तो पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधत असतो. आणि अंदाज बांधायला दोन गोष्टी लागतात, थोडा वेळ आणि सरळ वागणारा पक्षी. या दोन्ही गोष्टी दुकानात मिळत नाहीत. दोन्ही तुमच्या हातात आहेत.

आधी थोडं गणित

घाबरू नका, पाचवीतलं आहे.

समजा एक बगळा ताशी ३६ किलोमीटर वेगाने तुमच्या दिशेने येतोय. म्हणजे सेकंदाला १० मीटर. तुमचा कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो. म्हणजे एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत बगळा एक मीटर पुढे आलेला असतो.

आता लेन्सकडे बघू. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे असतो तसा एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, ४०० मिमी लेन्स आणि अॅपर्चर एफ/५.६ धरू. पक्षी २० मीटरवर असताना जेवढा भाग शार्प दिसतो, म्हणजे ज्याला आपण डेप्थ ऑफ फील्ड म्हणतो, तो असतो साधारण अर्धा मीटर. पुढे पाव मीटर, मागे पाव मीटर. बस्स.

एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत पक्षी एक मीटर सरकतो आणि तुमच्याकडे जागा आहे अर्ध्या मीटरची. म्हणजे कॅमेऱ्याने आत्ता जिथे पक्षी आहे तिथे फोकस केला, तर फोटो निघेपर्यंत पक्षी तिथे नसतो.

पक्षी १० मीटरवर आला तर ही खोली १३ सेंटीमीटरवर येते. वीतभरही नाही. उलट ४० मीटरवर ती साधारण दोन मीटर होते. अंतर दुप्पट झालं की खोली चौपट होते, हे एवढं लक्षात ठेवा. अॅपर्चर एफ/८ केलंत तर २० मीटरवरचा अर्धा मीटर पाऊण मीटर होतो. फायदा होतो, पण जादू होत नाही.

आता यातून निघणारा कामाचा आकडा बघा. तोच बगळा ५० मीटरवर असताना तुम्ही त्याला फ्रेममध्ये पकडलात, तर २० मीटरवर यायला त्याला तीन सेकंद लागतात. ते तीन सेकंद म्हणजे तुमची सगळी इस्टेट. बहुतेक जण पक्षी २० मीटरवर आल्यावर कॅमेरा उचलतात आणि म्हणतात, फोकस बसत नाही. बसेल कसा? तुम्ही त्याला वेळच दिला नाहीत.

कॅमेरा आत काय करतो

ऑटोफोकस तसा जुना. दुकानात मिळणारा पहिला ऑटोफोकस कॅमेरा कोनिकाने १९७७ मध्ये आणला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, बॉडीच्या आतच ऑटोफोकस रुळला. त्यानंतर काही वर्षांतच कॅमेरे हलत्या वस्तूचा 'अंदाज' बांधायला लागले.

हा अंदाज कसा बांधतात? आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शन नावाची पद्धत असते. लेन्सच्या एका बाजूने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने आलेला प्रकाश कॅमेरा ताडून बघतो. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली तर फोकस बरोबर. सरकलेली असतील तर कुठल्या बाजूला आणि किती सरकली आहेत, यावरून कॅमेऱ्याला लगेच कळतं की लेन्स पुढे न्यायची की मागे आणि किती. आपण एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बोटाकडे बघतो तेव्हा बोट सरकल्यासारखं दिसतं ना, तसंच काहीसं.

ही मोजणी एकदाच झाली तर कॅमेऱ्याला फक्त अंतर कळतं. दोनदा झाली तर वेग कळतो. चार-पाचदा झाली की वेग वाढतोय की कमी होतोय, हेही कळायला लागतं. मग कॅमेरा म्हणतो, पक्षी आत्ता इथे आहे, या वेगाने येतोय, म्हणजे शटर उघडेल तेव्हा तो तिथे असेल, लेन्स तिथे नेऊन ठेवतो.

डीएसएलआरमध्ये तर हे आणखी अवघड. फोटो काढताना आरसा वर जातो आणि तेवढा वेळ फोकसचा सेन्सर आंधळा असतो. त्या आंधळ्या क्षणाची सगळी भिस्त आधी केलेल्या मोजणीवर. मिररलेसमध्ये आरसाच नाही, मोजणी मुख्य सेन्सरवरच होते. २०१७ मध्ये आलेला सोनी अल्फा ९ सेकंदाला ६० वेळा हा हिशेब करायचा. २०२० च्या कॅनन ईओएस आर५ मध्ये पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरायची सोय आली. आता ही सोय कमी किमतीच्या बॉडीतही दिसते.

पण कितीही महागडा कॅमेरा असला तरी तत्त्व तेच. सीमारेषेवर उंच झेल घेणारा फिल्डर आठवा. तो चेंडू बॅटवरून निघाल्यापासून बघत असतो, म्हणून तो चेंडू पडणार तिथे आधी पोचतो. त्याच फिल्डरचे डोळे बांधा आणि चेंडू डोक्यावर आल्यावर पट्टी सोडा, बघा झेल सुटतो की नाही! उशिरा कॅमेरा उचलणं म्हणजे तेच.

सेटिंग: एकदा करा आणि विसरा

आता हातात कॅमेरा घ्या, एकेक गोष्ट बघू.

पहिली गोष्ट, फोकस मोड. निकॉन आणि सोनीत याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्वो किंवा नुसतं सर्वो. याचा अर्थ, बटण दाबून ठेवलंय तोवर फोकस करत राहा. दुसरा मोड, एएफ-एस किंवा वन शॉट, एकदा फोकस करून गप्प बसतो. तो बसलेल्या पक्ष्यासाठी. उडत्या पक्ष्याला तो लावलात तर वरचं सगळं गणित वाया.

दुसरी गोष्ट, बॅक-बटण फोकस. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या एएफ-ऑन बटणाला द्या. मग अंगठा फोकस करतो आणि तर्जनी फोटो काढते. फायदा काय? घार झाडामागे गेली तर अंगठा उचला, फोकस आहे तिथेच थांबतो. घार बाहेर आली की अंगठा परत दाबा. पहिले दोन-तीन दिवस बोटं गोंधळतात. आठवड्यानंतर आधी कसं करत होतो तेच आठवत नाही.

तिसरी गोष्ट, फोकसचा भाग किती मोठा ठेवायचा. इथे एकच नियम, मागे काय आहे ते बघा. मागे मोकळं आकाश असेल तर मोठा झोन ठेवा. आकाशात धरण्यासारखं दुसरं काही नसतं, त्यामुळे कॅमेरा पक्ष्यालाच धरतो. मागे झाडं, डोंगर किंवा लाटांचं चमचमणारं पाणी असेल तर छोटा गट निवडा, एक पॉइंट आणि त्याच्या आजूबाजूचे चार-आठ. नाहीतर कॅमेरा पक्षी सोडून मागच्या बाभळीवर फिदा होतो. एकच एक बारीक पॉइंट मात्र सुरुवातीला नको. उडत्या पक्ष्यावर तो टिकवणं भल्याभल्यांना जमत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात पक्षी ओळखायची सोय असेल तर ती चालू करा, पण गजबजलेल्या पार्श्वभूमीवर तिलाही छोट्या भागात डांबा.

चौथी गोष्ट, कॅमेरा किती चिवट असावा. पक्ष्याच्या आणि तुमच्या मधून फांदी गेली तर कॅमेऱ्याने लगेच फांदीवर उडी मारायची, की थोडं थांबायचं? बऱ्याच कॅमेऱ्यांत हे ठरवता येतं. पण जपून हं, आकडे उलटसुलट आहेत. सोनीत १ म्हणजे चिवट आणि ५ म्हणजे चपळ. निकॉनमध्ये ५ म्हणजे चिवट आणि १ म्हणजे चपळ. मित्राच्या कॅमेऱ्याचा आकडा आपल्यात उचलून टाकला की घोटाळा होतो. मधला ३ ठेवून सुरुवात करा. बोरूतून, फांद्यांतून पक्षी जात असेल तर चिवटपणा वाढवा.

पाचवी गोष्ट लेन्सवरचं एक छोटं बटण आहे, आणि ते बरेच जण कधी हलवतच नाहीत. फोकस लिमिटर. निकॉनच्या २००-५०० लेन्सवर 'पूर्ण' आणि '६ मीटरच्या पुढे' असे दोन पर्याय आहेत. सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीवर १० मीटरच्या पुढचा पर्याय आहे. उडते पक्षी दूरच असतात. हे बटण दूरच्या बाजूला सरकवलं की फोकस चुकला तरी लेन्स अगदी जवळपर्यंत येऊन परत जायचा फेरा मारत नाही. तो फेरा वाचला म्हणजे तुमच्या तीन सेकंदांतला मोठा हिस्सा वाचला.

आणि शटर स्पीड. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास ठेवा. बगळा, बलाक असा मोठा आणि संथ पक्षी १/१२५० ला चालून जातो. छोट्या आणि चपळ पक्ष्याला १/३२०० हवा. आयएसओ वाढतोय म्हणून हात आखडू नका. थोडे दाणे दिसलेले चालतात, पुसट डोळा चालत नाही.

शरीर: अर्धा फोकस पायात असतो

आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते.

एपीएस-सीवर ४०० मिमी लेन्समधून तुम्हाला जगाचा केवढा तुकडा दिसतो? साडेतीन अंशांहूनही कमी. हात समोर ताठ करा आणि दोन बोटं जोडून धरा, साधारण तेवढा. त्या फटीतून आकाशात फिरणारी घार शोधायची आहे. ती पहिल्या झटक्यात सापडत नाही, यात तुमची काही चूक नाही. पण त्यावर उपाय आहेत.

एक, झूम असेल तर आधी बाहेर या. २०० वर पक्षी शोधा, फोकस बसवा, मग आत जा.

दोन, नजर पक्ष्यावरून काढू नका. बरेच जण पक्षी बघतात, मग मान खाली घालून कॅमेरा बघतात, मग डोळ्याला लावून पक्षी शोधतात. तोवर पक्षी पुढच्या गावात. नजर पक्ष्यावर खिळलेली ठेवा आणि कॅमेरा नजरेच्या वाटेत आणा. डोळा हलवायचा नाही, कॅमेरा हलवायचा.

तीन, आधीच फोकस अंदाजे लावून ठेवा. पक्षी ५० मीटरवरून येईल असं वाटत असेल तर तेवढ्याच अंतरावरच्या झाडावर किंवा खांबावर फोकस करून ठेवा. लेन्सचा फोकस जवळच्या झुडपावर अडकलेला असेल तर दूरचा पक्षी इतका धूसर होतो की तो फ्रेममध्ये असूनही दिसत नाही, आणि जे तुम्हाला दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

चार, पाय. पक्षी डावीकडून उजवीकडे जाणार असेल तर पाय उजवीकडे वळवून उभे राहा आणि कंबरेतून डावीकडे वळून पक्षी पकडा. मग त्याच्याबरोबर फिरत गेलात की फोटो काढायच्या जागी तुमचं अंग सरळ आणि मोकळं असतं. उलट उभे राहिलात तर ऐन वेळी कंबर आवळते आणि झटका बसतो. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळहात लेन्सखाली.

पाच, बोट उचललं तरी फिरणं थांबवू नका. फोटो काढून झाल्यावरही अर्धा सेकंद पक्ष्याबरोबर फिरत राहा. बोलर चेंडू सोडल्यावर जागच्या जागी गोठतो का? तसंच.

आणि सहा, अंगठ्याने मधूनमधून 'टोचा'. पक्षी दूरवरून येत असेल तर बटण सलग दाबून धरण्याऐवजी दाबा, सोडा, परत दाबा. फोकस भलतीकडे गेला असेल तर लगेच कळतं आणि नवा हिशेब सुरू होतो. पक्षी पल्ल्यात आला की मग मात्र दाबून ठेवा. आणि एक दमात शंभर फोटो उडवू नका. पाच-सहाचा छोटा बर्स्ट, थांबा, परत पाच-सहा.

पक्षी काय करणार, हे कॅमेऱ्याला माहीत नसतं

कॅमेरा 'कुठे' याचा अंदाज बांधतो. 'कधी' याचा अंदाज तुम्हालाच बांधायचा असतो.

वारा बघा. पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याकडे तोंड करतात. वारा कुठून येतोय हे कळत नसेल तर पाण्यावर बसलेला थवा बघा, बहुतेकांची चोच एकाच दिशेला असते. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उडणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून उडेल. सकाळचं ऊनही पाठीशी असेल तर डोळ्यात चमक येते, पिसांवर कॉन्ट्रास्ट येतो आणि फोकसला धरायला काहीतरी मिळतं. वारा पाठीशी, ऊन पाठीशी. जागा निवडताना हे दोनच प्रश्न विचारा.

अंग बघा. उडायच्या आधी पक्षी सांगतात. पुढे झुकतात, पिसं आवळतात, मान वर-खाली करतात. शिकारी पक्षी बऱ्याचदा उडण्याआधी शीट टाकतात. शीट पडली की अंगठा बटणावर.

सवय बघा. वेडा राघू तारेवरून उडतो, हवेत माशी पकडतो आणि बऱ्याचदा परत त्याच जागी येतो. कोतवालही असंच करतो. म्हणजे तो जाताना त्याच्यामागे धावू नका. तारेवर फोकस करून ठेवा आणि परत येताना पकडा. काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि मग सूर मारतो. थांबलेला असताना अंतर बदलतच नाही, फोकस बसवायला याहून सोपा उडता पक्षी नाही. संध्याकाळी बगळे ठरलेल्या झाडावर मुक्कामाला येतात, आणि एक गेला त्याच वाटेने मागचे दहा जातात. पहिल्या दोघांना नुसतं बघा, तिसऱ्यापासून फोटो काढा.

भिगवणचं काय?

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते.

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, हिवाळ्यात पक्षी बघायला आपण सगळेच जातो. कुंभारगाव, डिकसळ इथून होड्या निघतात. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, चित्रबलाक, कुरव, नदी सुरय, पट्टकदंब असा सगळा मेळा असतो. आणि दर हंगामात एक वाक्य कानावर पडतं, "दादा, होडी जरा जवळ घ्या ना, उडवा की त्यांना!"

फ्लेमिंगोला जागेवरून टुणकन उडता येत नाही. त्याला पाण्यावर धावत जाऊन मग हवेत जावं लागतं. त्यात ताकद जाते, खाणं थांबतं. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून आलेले असतात. एका सकाळी दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं, तर त्या थव्याची सकाळ गेली. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचून बघा. त्यात मारणं, पकडणं याच्या जोडीला वन्य प्राण्यांना हाकणं आणि आमिष दाखवणंही येतं, पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणंही येतं.

पण समजा हे सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त फोटोचा स्वार्थ बघितला. तरीही उडवलेला पक्षी तुमच्या काही कामाचा नाही. तो तुमच्यापासून लांब पळतो, म्हणजे तुम्हाला मिळते शेपटी. तो दिशा कशीही बदलतो, म्हणजे कॅमेऱ्याने बांधलेला अंदाज चुकतो. तो अचानक उडतो, म्हणजे तुमचे तीन सेकंद गेले. आणि सगळा थवा एकदम उठतो, म्हणजे फोकस एकावरून दुसऱ्यावर नाचत राहतो.

उलट, होडी थांबवून अर्धा तास गप्प बसा. पक्षी तुम्हाला सरावतात. मग चित्रबलाक आपल्या मर्जीने उठतो, संथ, सरळ रेषेत तुमच्या समोरून जातो. सुरय एकाच पट्ट्यात पाण्यावर फेऱ्या मारतो, जातो आणि परत येतो. ही उड्डाणं सरळ असतात, ओळखता येतात, आणि कॅमेऱ्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून मी म्हणतो, न घाबरलेला पक्षी हा जगातला सगळ्यात चांगला ऑटोफोकस आहे. तो फुकट आहे. फक्त थांबावं लागतं.

होडीवाल्या दादांनाही हे सांगा. "लांब थांबलात तरी चालेल, आम्हाला घाई नाही," असं गिऱ्हाईकानेच म्हटलं की त्यांच्यावरचा दबाव जातो. त्यातले कितीतरी जण मासेमारी करणाऱ्या घरातले आहेत, हे पाणी त्यांच्या रोजच्या वाटेचं आहे. कुठला पक्षी कुठून येतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. विचारा, ते सांगतात.

फोटो बिघडला? आधी निदान करा

घरी आल्यावर फोटो १०० टक्के मोठा करून बघा. सगळ्या पुसट फोटोंचा गुन्हा फोकसवर टाकू नका.

पक्षी पुसट, पण पुढचं गवत किंवा मागची लाट शार्प आहे? मग फोकस चुकला. भाग छोटा करा किंवा चिवटपणा वाढवा.

डोळा शार्प, पंखांची टोकं पुसट? हा फोकसचा दोष नाही, शटर स्पीड कमी पडला. कधीकधी हे छानही दिसतं, ठेवून द्या.

सगळं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? तुमच्या हाताचा झटका. पाय आणि कोपरं आठवा.

पंख शार्प, डोळा पुसट? फोकस जवळच्या पंखावर बसला. पंख खाली गेल्यावर किंवा पक्षी थोडा तिरका असताना फोटो काढा, एफ/८ करून बघा.

आणि पक्ष्याच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या लहरताहेत? मग दुपार झाली आहे. तापलेल्या जमिनीवरची, पाण्यावरची हवा थरथरते आणि जगातली कुठलीही लेन्स तिच्यापुढे हात टेकते. कॅमेरा पिशवीत घाला, पिठलं-भाकरी खा, उन्हं कलल्यावर या.

आणि आपल्याकडे फक्त फोन असेल तर?

मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात कॅमेरा नाही, फोन आहे. तुमच्यासाठी खुशखबर: फोनमध्ये फोकसची अडचण उलटी आहे. फोनची मुख्य लेन्स आणि सेन्सर इतके छोटे असतात की काही मीटरच्या पुढचं जवळपास सगळंच शार्प येतं. अडचण होते ती फोन मध्येच फोकस बदलायला जातो म्हणून. तेव्हा दूरच्या झाडावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बर्स्ट चालू करा आणि थवा जाऊ द्या. एकट्या घारीचा डोळा मिळणार नाही, पण संध्याकाळच्या आकाशात मुक्कामाला परतणाऱ्या बगळ्यांची रांग फोनवर झकास येते. आणि वारा, ऊन, सवय, धीर हे वर सांगितलेलं सगळं फोनवर शिकता येतं. उद्या कॅमेरा हातात आला तर निम्मं काम झालेलं असेल.

या आठवड्याचा गृहपाठ

भिगवणला जायची गरज नाही. गच्चीवर जा.

पहिले दोन दिवस फोटो काढायचेच नाहीत. फक्त घारी. नजर घारीवर ठेवून कॅमेरा डोळ्याला लावा, फ्रेममध्ये सापडते का बघा, खाली घ्या, परत लावा. असं वीस वेळा. घार मोठी असते, तिच्या पंखांचा विस्तार दीड मीटरपर्यंत जातो, आणि ती संथ गोल फिरते. शिकायला याहून चांगली मास्तरीण नाही.

पुढचे दोन दिवस फोकस. अंगठा दाबा आणि पूर्ण एक फेरी घारीवर फोकस टिकवा, शटर न दाबता. कधी सुटतो ते बघा. मागे इमारत आली की सुटतो? मग भाग छोटा करा.

शेवटचे तीन दिवस फोटो. आता पारवे आणि पोपट घ्या, ते वेगवान आहेत. दिवसाला पन्नास फोटो, जास्त नाही. रात्री बसून वरचं निदान करा आणि कुठल्या प्रकारची चूक जास्त आहे ते मोजा. पुढच्या आठवड्यात फक्त तेवढीच सुधारा.

मुद्दा एकच होता. पक्षी दुरून बघा, लवकर कॅमेरा उचला, आणि त्याला त्याच्या मर्जीने उडू द्या. पुढच्या भागात संध्याकाळच्या कमी उजेडात एक्स्पोजर कसं सांभाळायचं ते बोलू. तोवर गच्चीवर भेटा घारींना. गृहपाठाचे निकाल कळवा, बिघडलेल्या फोटोंसकट. चला, येतो!